वेढा, पाणी आणि वीस बाजूंचा फासा : तोमरांच्या ग्वाल्हेरात डी अँड डी कसं बसवायचं

समजा, ग्वाल्हेरच्या किल्ल्याला वेढा पडलाय. आत दोनशे माणसं आहेत. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या टेबलावर बसून पात्रं रंगवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे नियम जसेच्या तसे लावले तर किल्ला किती दिवस टिकेल? कायमचा. 'गुडबेरी' हा पहिल्या पातळीचा मंत्र दहा बोरं देतो आणि एका बोरावर माणसाचा दिवस निघतो. निसर्गाची जादू जाणणारा नवशिका ड्रुइडसुद्धा दिवसाला असे दोन मंत्र टाकतो. म्हणजे दहा ड्रुइड असले की दोनशे माणसं जेवली. पाण्याचंही तेच. पहिल्याच पातळीचा पाणी निर्माण करणारा मंत्र एका वेळी १० गॅलन, म्हणजे जवळपास ३८ लिटर पाणी देतो. नियमांनुसार माणसाला दिवसाला एक गॅलन लागतं, कडक उन्हाळ्यात दोन. तेव्हा दहा-वीस पुजारी आत असले की तलाव आटला काय, भरला काय.

जुने खेळाडूही इथेच फसतात. तलवारीचं नाव बदललं, राजाला पगडी घातली, नकाशावर चंबळ काढली, की 'आपलं' मध्ययुग तयार झालं असं वाटतं. पण प्रत्येक नियमात जगाविषयी काही गृहीत धरलेलं असतं: औषध किती सहज मिळतं, जखम किती रात्रीत भरते, मिरी किती महाग आहे. नावं बदलली तरी ती गृहीतकं जागची हलत नाहीत. म्हणून नियमांची अख्खी वही नव्याने लिहू नका. तुमच्या जगाचा कणा मोडणारे पाच-सहा नियम शोधा, तेवढेच बदला आणि बाकीच्यांना हात लावू नका.

अगदी नव्यांसाठी थोडक्यात. एक जण डीएम, म्हणजे जग चालवणारा. बाकी तीन ते पाच जण एकेक पात्र चालवतात. काही अवघड करायचं तर वीस बाजूंचा फासा, म्हणजे डी२०, टाकायचा, आपला आकडा मिळवायचा आणि ठरलेली संख्या गाठायची. मारा लागण्यासाठी गाठायची संख्या म्हणजे समोरच्याचा एसी. मार सोसण्याची क्षमता म्हणजे एचपी. मंत्र मोजके असतात, ते विश्रांतीनंतर परत मिळतात. पात्राचीही पातळी असते आणि मंत्राचीही, पण दोन्ही मोजण्या वेगळ्या. इथले आकडे २०१४ च्या नियमांतले आहेत.

आधी काळ ठरवा

मानसिंह तोमराचा काळ, १४८६ ते १५१६, खेळाला फार सोयीचा आहे. वर किल्ल्यावर मान मंदिर हा राजवाडा उभा राहतोय, दरबारात ध्रुपद रंगतोय, उत्तरेला दिल्लीचा सुलतान सिकंदर लोदी आग्र्यात बस्तान बसवतोय आणि १५०८ मध्ये नरवरचा किल्लाही त्याच्या हाती जातो. राजकारण, संगीत आणि दारात उभा शत्रू, तिन्ही एका ठिकाणी.

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात वाढलेल्या मराठी माणसाला इथे एक मोह आवरावा लागतो. डोळ्यांपुढे वाडे, सरदार आणि पागा येतात. पण दौलतराव शिंद्यांची छावणी इथे कायमची बसली ती १८१० मध्ये, म्हणजे मानसिंहानंतर जवळपास तीनशे वर्षांनी. त्या काळाच्या खेळात जयविलास राजवाडा नको, दांडपट्टा नको. किल्ल्याच्या पायथ्याचा आलमगिरी दरवाजा १६६० चा, तोही नकाशातून काढा. मिरची आणि बटाटाही नाही. खानावळीत ठेचा वाढलात तर टेबलावरचा एखादा चोखंदळ लगेच बोट ठेवेल. मराठी पात्र मात्र खुशाल असू द्या. नामदेवांची परंपरा त्याआधीच पंजाबात घुमानपर्यंत पोचली होती, त्यामुळे उत्तरेत भटकणारा वारकरी कीर्तनकार अजिबात ओढूनताणून आणलेला वाटत नाही. नियमांतला 'बार्ड', म्हणजे गाण्यातून जादू करणारा, त्याला चपखल बसतो.

आमचं मत विचाराल तर राज्याला 'गोपाचल' हे किल्ल्याचं जुनं नाव द्या आणि राजाचं नाव काल्पनिक ठेवा. भूगोल, ऋतू, दरवाजे, तलाव खरे. मग एखाद्या सनावळीवरून खेळ अडत नाही आणि राजा खेळाडूंच्या चुकीने मेला तरी इतिहास दुखावत नाही.

चिलखत: आकडा ठेवा, उन्हाची किंमत लावा

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो. पहिल्या पातळीच्या लढवय्याचा हल्ल्याचा आकडा साधारण +५ असतो: ताकद १६ असल्यामुळे ३ आणि प्रोफिशियन्सीचे, म्हणजे सरावाचे, २. समोरच्याचा एसी १६ असेल तर फाशावर ११ किंवा वर यायला हवेत, म्हणजे निम्मे वार लागतात. एसीचा प्रत्येक आकडा म्हणजे पाच टक्के. युरोपी पोलादी चिलखताचा एसी १८ आणि ढालीचे २ मिळून २० होतात, म्हणजे फक्त ३० टक्के वार लागतात.

आता 'असलं चिलखत आपल्याकडे नव्हतं' म्हणून ते यादीतून काढलं आणि १६ एसीच्या कड्यांच्या चिलखतावर थांबलो, तर ढालीसकट एसी होतो १८ आणि ४० टक्के वार लागतात. फरक दहाचाच दिसतो, पण तीसचे चाळीस झाले म्हणजे मार एक तृतीयांशाने वाढला. लढवय्या दर लढाईत आडवा पडू लागतो. दोन-तीन रविवारांत खेळाडू ओळखतात की पुढे उभं राहण्यात शहाणपण नाही, आणि मग ज्या जगात जादू कमी हवी होती तिथेच चारपैकी तीन जण जादूगार होऊन बसतात.

म्हणून एसीला हात लावू नका. १८ चं चिलखत राहू द्या. त्याला कड्यांमध्ये पोलादी पत्रे गुंफलेलं चिलखत म्हणा. मर्यादा घालायची ती उन्हाची. मूळ नियम असा: हवा १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस किंवा जास्त असेल आणि पिण्याचं पाणी हाताशी नसेल, तर दर तासाच्या शेवटी काटकपणाचा फासा टाकायचा. पहिल्या तासाला ५ गाठायचे, मग दर तासाला एक वाढत जातो. मध्यम किंवा जड चिलखत असेल तर दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा. ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हा नियम कपाटात ठेवायचा नाहीच.

हिशोब करून बघा. काटकपणा +२ असलेला माणूस अंगरख्यावर चालतोय. चौथ्या तासाला ८ गाठायचे, म्हणजे चुकण्याची शक्यता २५ टक्के. तोच चिलखतात असेल तर ४४ टक्के. चुकला की थकव्याची एक पायरी. पहिल्या पायरीला कौशल्याचे फासे बिघडतात, म्हणजे दोन टाकून कमी आकडा धरायचा, दुसरीला वेग निम्मा होतो, तिसरीला हल्ल्याचे आणि बचावाचेही फासे बिघडतात, सहावीला मृत्यू.

यात आमची एकच भर: जड चिलखत असेल तर पाणी जवळ असलं तरी सकाळी दहा ते दुपारी चार फासा टाकायचाच. लगेच खेळाचा पोत बदलतो. सैन्य रात्री कूच करतं, मशालींना किंमत येते, वाटेवरची विहीर कुणाची हा प्रश्न उभा राहतो आणि पहाटेचा छापा शहाणपणाचा ठरतो. लढवय्याची ताकद शाबूत राहते, फक्त ती चोवीस तास फुकट मिळत नाही.

पाणी, बोरं आणि सूरजकुंड

आता मूळ दुखण्याकडे. मंत्र सरसकट बंद केले की खेळाडू चिडतात, आणि रास्तच चिडतात. ते पुजारी किंवा ड्रुइड होऊन बसले ते मंत्रांसाठीच. बंदीपेक्षा मंत्र जागेशी बांधणं जास्त चालतं.

पाण्याचा मंत्र नवं पाणी निर्माण करत नाही, शंभर हातांच्या आतलं असलेलं पाणी ओढून आणतो. झरा असेल तर मिळेल. कोरडा तलाव असेल तर चिखलही मिळणार नाही. गुडबेरीची बोरं एक एचपी देतात, पोट भरत नाहीत. तिसऱ्या पातळीचा अन्नपाण्याचा मंत्र १५ माणसांची किंवा पाच घोड्यांची सोय करतो. तो ठेवा, पण त्यासाठी तितकंच कच्चं धान्य आधी लागतं, मंत्र फक्त ते सडू देत नाही.

रोग बरा करण्याचा मामला जास्त मजेदार आहे. ग्वाल्हेरची आख्यायिका सांगते की सूरजसेन राजाला कुष्ठरोग झाला होता आणि ग्वालिपा साधूने कुंडाचं पाणी देऊन तो बरा केला. त्यातून किल्ला उभा राहिला आणि गावाला नाव मिळालं. नियमांप्रमाणे मात्र कुठलाही रोग 'लेसर रिस्टोरेशन' या दुसऱ्या पातळीच्या मंत्राने क्षणात जातो, आणि पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ योद्धा, तर पहिल्या पातळीलाच नुसत्या स्पर्शाने तो घालवतो. म्हणजे ज्या चमत्कारावर शहर वसलं, तो तुमच्या टेबलावर दिवसाला चार वेळा होणार! उपाय सोपा: रोग घालवणारी कुठलीही शक्ती फक्त तीर्थावर चालते. सूरजकुंड हे एक तीर्थ, नकाशावर अशी आणखी तीन-चार नेमा. मग आजारी राजपुत्राला पालखीतून तिथवर न्यायचं काम आपोआप उभं राहतं.

मेलेल्याला उठवणारे मंत्र हिरा मागतात: मिनिटाभराच्या आत उठवायचं तर ३०० सुवर्णमुद्रांचा, दहा दिवसांच्या आत ५०० चा. हिरा जळून जातो. हिऱ्यांच्या नावाजलेल्या खाणी दक्षिणेत, तेव्हा किंमत न बदलता पुरवठा आवळा: मोसमाला एकच हिरा बाजारात येतो, आणि तो घ्यायला राजाची माणसंही उभी असतात.

सहाव्या पातळीला पात्रांची वाढ थांबवणं हा जुना आणि चांगला उपाय आहे. त्यापुढे नवी कौशल्यं मिळतील, मोठे मंत्र नाहीत. पण त्याने सगळं सुटतं असं समजू नका. उडण्याचा मंत्र तिसऱ्या पातळीचा आहे आणि तो पात्राच्या पाचव्याच पातळीला हाती येतो. शंभर मीटर उंच कड्यावरचा किल्ला आणि दहा मिनिटं उडणारा माणूस यांचं जमत नाही. तो मंत्र आम्ही सरळ काढतो. त्याला पर्याय सुचवत बसू नका.

विश्रांती

मूळ नियमांत आठ तास झोपलं की सगळे एचपी परत. तलवारीने फाटलेला माणूस सकाळी ठणठणीत. २०१४ च्याच नियमांत एक पर्याय दिलाय: छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची. कागदावर हे मध्ययुगाला शोभतं. टेबलावर अडचण अशी की दोन मोठ्या विश्रांतींच्या मधे सहा ते आठ चकमकी होतील असं खेळाचं गणित आहे. महिन्यातून दोन रविवार, तीन-तीन तास खेळणारा गट तेवढ्या चकमकींना दोन-अडीच महिने लावतो. तोवर जादूगार मोकळ्या हातांनी बसतो. वर, आठ तास टिकणारे मंत्र एकदम फुसके होतात, कारण ते आता सगळ्या चकमकींना पुरत नाहीत.

मधला रस्ता: छोटी विश्रांती एक रात्र, मोठी विश्रांती सलग दोन रात्री, आणि तीही तिथेच जिथे छप्पर, पाणी आणि राखण तिन्ही आहे. मठ, धर्मशाळा, ओळखीच्या जमीनदाराची गढी चालेल. बीहडातली घळ चालणार नाही. आठ तास टिकणारे मंत्र दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तापर्यंत टिकतात असं धरा. आता 'कुठे मुक्काम करायचा' हा खरा निर्णय होतो.

बाजारभाव

किमतींची यादी युरोपच्या डोक्याने बनली आहे. तिच्यात एक पौंड आलं म्हणजे एक बकरी. एक पौंड मिरी म्हणजे एक मेंढी. अर्धा किलो आल्यासाठी बकरी मागणारा ग्वाल्हेरच्या बाजारातून धडपणे परतणार नाही. सगळ्या मसाल्यांच्या किमती दहाने भागा. केशराची ठेवा, ते इथेही दुरून येतं. घोड्याची उलट वाढवा. लढाईचा घोडा ४०० सुवर्णमुद्रांना आहे आणि साध्या मजुराची रोजी दोन चांदीची नाणी, म्हणजे आत्ताच तो दोन हजार दिवसांची मजुरी खातो. तरी चांगली जनावरं बाहेरून आणावी लागायची हे लक्षात घेऊन दीडपट करा. घोडेस्वार हा श्रीमंत माणूस असतो, हे खेळाडूंना एवढ्यावरूनच कळतं.

नाण्यांसाठी सुवर्णमुद्रेच्या जागी चांदीचा टका, चांदीच्या नाण्याच्या जागी बहलोली आणि तांब्याच्या जागी कवड्यांची ओंजळ घ्या. बहलोली हे लोदींचं हलक्या चांदीचं नाणं, वजन साधारण नऊ ग्रॅम. खेळात पन्नास नाणी एक पौंड धरतात, म्हणजे तेही नऊ ग्रॅमच. ओझ्याचा हिशोब बदलावा लागत नाही. खरे विनिमय दर वेगळे होते, पण टेबलावर दहाचाच पाढा ठेवा. अपूर्णांक आले की तिसऱ्या खरेदीला लोक कंटाळतात.

अंतरासाठी हात घ्या. एक हात दीड फूट, तेव्हा ३० फूट चाल म्हणजे वीस हात, १५० फुटांवरचा बाण म्हणजे शंभर हात. मोजायला मात्र पटावरची पाच फुटी घरंच वापरा: तीस फूट म्हणजे सहा घरं. किल्ल्याच्या चढावरच्या चतुर्भुज मंदिरात शून्याचा जो प्रसिद्ध शिलालेख आहे, सन ८७६ चा, त्यातली बाग २७० हात लांब आणि १८७ हात रुंद आहे. पटावर काढली तर ८१ घरं बाय ५६. तिथे लढाई ठेवायची असेल तर जेवणाचं टेबल पुरणार नाही, गच्चीवर जावं लागेल.

वट

नियमांत बोलण्यात पटाईत माणूस फासा टाकतो आणि राजा ऐकतो. मध्ययुगात राजापर्यंत पोचणं हेच अर्धं काम. त्यासाठी एक छोटी पट्टी जोडा, ० ते ४. पूर्वेच्या चढावर एकामागून एक दरवाजे आहेत: बादलगढ, गणेश, लक्ष्मण आणि सगळ्यात वर हत्ती पोळ. ज्याची वट १ तो पहिल्या दरवाजाच्या आत बोलू शकतो, ४ असेल तो मान मंदिराच्या चौकात. वट नसेल तिथे फासा टाकताच येत नाही, मग बोलण्याचा आकडा +९ का असेना.

वट वाढते ती कुणीतरी जामीन राहिला की. तुम्ही माती खाल्लीत तर तुमची एक पायरी जाते आणि जामिनाचीही. हा दुसरा भाग विसरू नका. त्याच्याविना वट म्हणजे नुसते गुण होतात, नाती तयार होत नाहीत.

जात आणि धर्म यांचा प्रश्न इथेच येतो. पहिल्याच बैठकीत, पात्रं बनवायच्या आधी, काय दाखवायचं आणि काय नाही हे मोकळेपणाने ठरवा. जातीला आकड्यांचा दंड किंवा बक्षीस लावू नका. टेबलावरच्या कुणाच्या तरी घरात ती जखम असते. खऱ्या देवांना एचपी देऊ नका. पुजारी, नाथजोगी, जैन भट्टारक, सूफी सगळे असू द्या, त्यांची शक्ती कुठून येते यावर डीएमने निवाडा देऊ नये. एल्फ आणि ड्वार्फ काढायचे असतील तर सगळ्यांना 'व्हेरियंट ह्यूमन' द्या: दोन गुणांत एकेक वाढ, एक कौशल्य, एक खास हातोटी. एल्फ-ड्वार्फांचं अंधारात दिसणं गेल्यामुळे मशालीचा वीस फुटांचा उजेड पुन्हा मोलाचा होतो. नाग आणि यक्ष भेटतील ते जंगलात, खेळाडूंच्या कागदावर नाही.

आता वेढा

एवढं जुळलं की वेढ्यासाठी एकच कागद पुरतो. किल्ल्यातल्या तलावांचे मिळून वीस टप्पे काढा. थंडीत आठवड्याला एक पुसा, उन्हाळ्यात दोन. खालच्या गावातली माणसं आत घेतली असतील तर आठवड्याला आणखी एक. दहावर आले की पाण्याचं रेशन सुरू, मोठ्या विश्रांतीत निम्मेच एचपी परत येतात. पाचवर आले की दर आठवड्याला सगळ्यांनी काटकपणाचा फासा टाकायचा, १२ गाठायचे. शून्याला दरवाजा उघडतो, कोण उघडतं एवढंच ठरायचं असतं. जूनअखेरीस पाऊस आला की टप्पे पूर्ण भरतात.

१ एप्रिलला वेढा पडला तर दहा आठवड्यांत, पावसाच्या आधी, पाणी संपतं. १ मेला पडला तर आठ आठवड्यांत सोळा टप्पे जातात, चार उरतात आणि किल्ला वाचतो. पण गावकरी आत घेतले असतील तर तोच किल्ला सातव्या आठवड्याला पडतो. दरवाजाशी गावकरी उभे आहेत आणि खेळाडूंना हा कागद समोर दिसतोय. त्यांना आकडे लपवू नका. लपवलेत तर निर्णय नशिबावर जातो आणि मग भांडण डीएमशी होतं.

वेढ्यात हत्ती हवाच. तयार आकडे चालतात: एसी १२, एचपी ७६, वीस फूट सरळ धावत येऊन सोंडेसुळ्यांचा वार लागला की समोरच्याने ताकदीने १२ गाठायचे, नाहीतर तो आडवा. भर एवढीच: एका फेरीत २० किंवा जास्त मार बसला की माहुताने जनावर सांभाळण्याचा फासा टाकायचा. चुकला तर हत्ती जवळच्या माणसावर जातो, मग तो आपला असो की परका.

सगळे बदल एका बैठकीत लावू नका. आधी ऊन आणि विश्रांती लावून दोन चकमकी खेळा: एक सकाळी, एक भर दुपारी. दुपारच्या चकमकीत सगळेच आडवे पडले तर गाठायचा आकडा दोनने उतरवा. कुणालाच फरक जाणवला नाही तर पाणी मोजायचं राहून गेलंय, आधी ते तपासा. मग मंत्र, मग वट, सगळ्यात शेवटी वेढा. बदललेले नियम एका पानावर मावले पाहिजेत आणि ते पान प्रत्येकाच्या हातात हवं. मूळ नियमांचा ५.१ क्रमांकाचा संदर्भसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा आहे. त्यातल्या नियमांवर बेतलेलं तुमचं पान मराठीत छापता, वाटता किंवा विकताही येतं. परवान्याने सांगितलेली श्रेयाची ओळ तेवढी तळाशी हवी. उन्हाचा नियम आणि सात दिवसांची विश्रांती मात्र त्या संचात नाहीत. पान छापायला देणार असाल तर ते दोन्ही तुमच्या शब्दांत, तुमच्या आकड्यांनी लिहा.